जेजुरी ते भिगवण कालव्याच्या कच्च्या रस्त्याने: स्वावलंबी ग्रॅव्हल राईड, जानेवारी. कोण कोण येणार?

माळरान

मंडळी, गेल्या हिवाळ्यापासून डोक्यात घोळतंय ते आता करायचं ठरवलंय. जानेवारीचा पहिला शनिवार-रविवार, दोन दिवस, सगळं मिळून साधारण १३० किमी, त्यातलं निम्म्याहून जास्त कच्चं. पहिल्या दिवशी जेजुरीहून निघून पालखी महामार्ग टाळत वाल्ह्याच्या बाजूने गावरस्त्यांनी नीरेला यायचं, तिथनं नीरा डावा कालवा धरायचा आणि त्याच्या भरावावरच्या रस्त्याने निंबूत, सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, माळेगाव करत बारामती गाठायची, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी बारामतीहून शिर्सुफळच्या तलावाकडे, मग माळावरून भिगवण आणि उजनीचं पाणी. फ्लेमिंगो आलेले असतील तर कुंभारगावला डोकावू, नसतील तर मासे तर कुठे जात नाहीत.

ही 'इव्हेंट' नाही. फी नाही, टी-शर्ट नाही, मेडल नाही, मागून टेम्पो येणार नाही. रस्त्याची जीपीएक्स फाईल (मोबाईलवर उघडणारा मार्गाचा नकाशा) मी देणार, पाणी कुठे मिळतं, कुठून डांबरीवर निसटता येतं, अंधार व्हायच्या आत कुठे पोचलं पाहिजे हे सगळं लिहून देणार, मोटरसायकलवरून पूर्ण मार्ग बघून ठेवलाय. त्यापुढे तुमची सायकल, तुमचं सामान, तुमचं पंक्चर. वेग कितीही असो, पण एकट्याने कोणी जायचं नाही, किमान दोघं-तिघं जोडून. जास्तीत जास्त १५ जण, कारण त्याहून जास्त लोक एका टपरीवर आले तर चहावाल्याचं दूध संपतं आणि गावातही जत्रा आल्यासारखं होतं.

प्रश्न विचारा, शंका विचारा, यायचं असेल तर नाव टाका.

पंक्चरसम्राट

+१ माझं नाव पहिलं लिही.

एकच सांगतो, सगळ्यांनी ऐका. त्या पट्ट्यात पंक्चर खिळ्याने होत नाही, बाभळीने होतं. शेतकरी कुंपणाला बाभूळ तोडतात, फांद्या ओढत नेतात आणि काटे रस्त्यावर पडून राहतात, वर मोसम संपला की वाळलेले सराटे. साध्या ट्यूबवर येणार असाल तर दोन स्पेअर ट्यूब आणि पॅचचं पाकीट हे कमीत कमी झालं. ट्यूबलेस असेल तर निघायच्या आधी सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारा द्रव) बघा, आपल्याकडच्या उन्हात ते आत वाळून पापड होतं आणि माणूस समजतो की आपण सुरक्षित आहोत. काटा घुसला तर लगेच उपटू नका, चाक फिरवून काटा खाली आणा, सीलंट तिथे जमू द्या, मग काढा. आणि तरीही एक ट्यूब जवळ पाहिजेच, टायरची बाजू फाटली तर सीलंट हात वर करतं. पण ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढा, नाहीतर दोन मिनिटांत परत तेच.

मीनाक्षी_पुणे

वाचतेय. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक नाहीये, साधी एमटीबी (माउंटन बाईक) आहे, २.१ इंचाचे टायर. चालेल का? की हळू पडल्याने सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागेल? शिवाय बारामतीत राहायची सोय काय, आणि वाटेत बायकांनी टॉयलेटचं काय करायचं हे कोणीच कधी लिहीत नाही म्हणून विचारतेय.

माळरान

मीनाक्षीताई, एमटीबी उलट जास्त आरामशीर पडेल, पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर डांबरीवर लॉक करा आणि टायरमध्ये हवा ३० पीएसआयच्या आसपास ठेवा. ग्रॅव्हलवाल्यांनी ४० मिमीचा टायर असेल तर ३५-४० पीएसआय, वजनाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. ३२ मिमीच्या खालचे टायर घेऊन येऊ नका. कॅनॉलवर एक वेळ चालून जातील, पण दुसऱ्या दिवशी मुरूम आणि सुटी खडी आहे, हात सुन्न होतील.

राहायचं ज्याचं त्याने बुक करायचं, एसटी स्टँडच्या जवळपास बरीच लॉज आहेत. मी सगळ्यांचं बुकिंग करत नाही ते मुद्दाम, कारण एकाचं रद्द झालं की पैशाचा हिशोब माझ्या बोकांडी बसतो. टॉयलेटचा प्रश्न रास्त आहे. नीरा स्टेशनच्या आसपास, सोमेश्वरनगरला पेट्रोल पंपावर आणि थेट बारामतीत. मधल्या मोठ्या टप्प्यात वडगाव निंबाळकरला हॉटेलांत विचारता येईल, पण स्वच्छतेची हमी देत नाही. ही ठिकाणं फाईलमध्ये वेगळ्या खुणेने टाकतो, आधीच टाकायला हवी होती.

रँडो_काका

कल्पना छान आहे. मी गेली काही वर्षं बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड) करतो. तिथे २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास अशी मुदत असते, कंट्रोल पॉइंट असतात, आणि बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर चालते. सगळं छान आखलेलं असतं म्हणून माणूस वेळेत निघतो. इथे मुदत काहीच नाही म्हटल्यावर लोक चहाच्या टपरीवर तासभर बसणार आणि संध्याकाळी कॅनॉलच्या कडेने अंधारात टॉर्च लावून फिरणार. तेव्हा काहीतरी कटऑफ ठेवा बुवा.

माळरान

काका, बरोबर. मेडलसाठी नाही पण उजेडासाठी कटऑफ आहे. जानेवारीत सात वाजता उजाडतं आणि सव्वासहानंतर अंधारायला लागतं. जो दुपारी साडेतीनपर्यंत वडगाव निंबाळकरला पोचला नाही त्याने कॅनॉल सोडून डांबरी रस्त्याने बारामतीला जायचं, यात चर्चा नाही. अंधारात कॅनॉलवर कोणीही नको. एका बाजूला पाणी, कठडा नाही, आणि अस्तरीकरण केलेल्या भागात उतार इतका गुळगुळीत की पडलेल्या माणसाला वर यायला काही धरायलाच नाही.

करंजेपूलकर

मी याच भागातला, म्हणून चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक, कॅनॉलला आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी) चालू असेल तर पाणी दिसायला शांत दिसतं पण ओढ जबरदस्त असते. आंघोळीला, पाय धुवायला, बाटली भरायला कोणी खाली उतरायचं नाही. आमच्याकडची पोहणारी पोरंसुद्धा गेलीत त्यात.

दोन, जानेवारी म्हणजे कारखाने फुल्ल जोरात. सोमेश्वर आणि माळेगावच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून येतात, त्यात ड्रायव्हरने गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात की तुमची घंटा, तुमची हाक, काही ऐकू जात नाही. मागची ट्रॉली वळणावर आत येते. ट्रॅक्टर दिसला की सायकल बाजूला घेऊन थांबा, जिंकायला जाऊ नका. बैलगाड्याही असतात, बैलांच्या मागून एकदम ब्रेकचा आवाज करत जाऊ नका, बैल बुजतो.

तीन, पाऊस नसला तरी कॅनॉलच्या खालच्या अंगाला पाझर असतो. माळेगावच्या अलीकडे एक तुकडा कायम ओला, आणि माती काळी. ती चाकाला लागली की सायकल उचलूनच न्यावी लागते.

चार, भरावाचा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, फिरायला केलेला नाही. कुठे गेट लावलेलं दिसलं, दुरुस्तीचं काम चाललेलं दिसलं तर मागे फिरा, तिथल्या माणसाशी वाद घालू नका. पंधरा जण हेल्मेट घालून आले की गावात आधीच सर्व्हे आला असं वाटतं 🙂

पंक्चरसम्राट

खिक्, 'जमीन मोजणीवाले आले' म्हणून चहा फुकट मिळेल.

ओहायोचा_ओंकार

वाखु (वाचनखूण) साठवली. करंजेपूलकरांनी काळ्या मातीचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. इकडे अमेरिकेत कॅन्ससमध्ये एम्पोरिया नावाच्या गावातून अनबाउंड म्हणून मोठी ग्रॅव्हल रेस निघते, २००६ मध्ये थोड्याशा लोकांनी सुरू केलेली, आता जगभरातून लोक येतात, मुख्य अंतर २०० मैल म्हणजे ३२० किमीच्या वर. २०२३ ला पाऊस पडून गेलेला आणि सुरुवातीच्या काही मैलांतच असा चिखल लागला की सायकली खांद्यावर घेऊन लोक चालत होते, बऱ्याच जणांचे डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) तिथेच तुटले. तिकडचे अनुभवी लोक रंग ढवळायची लाकडी पट्टी बरोबर ठेवतात, फ्रेम आणि चाकाच्या मधला चिखल खरवडायला. वजन काहीच नाही. तुम्हाला आइस्क्रीमची काडी पुरणार नाही, रंगाच्या दुकानात पट्टी मागा. आणि चिखल दिसला की पेडल मारत ताकद लावू नका, चाक अडकलेलं असताना जोर लावला की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि राईड संपते.

जोशी_कोथरूड

सगळं ठीक आहे हो, पण मागे एक टेम्पो असायला काय हरकत आहे? मी माझ्या ओळखीचा बघतो, १५ जणांत खर्च वाटला तर जड नाही. नवीन लोक असणार, कोणाचं काही झालं तर? 'तुमचं तुम्ही बघा' हे जरा कोरडं वाटतं, आपल्या ग्रुपची पद्धत अशी नाही. बरोबर निघालो तर बरोबरच पोचायचं.

सह्याद्रीचा_वारा

जोशीकाकांशी सहमत. एकदा एका आयोजित राईडला गेलेलो, तिथेही असंच 'सेल्फ सपोर्टेड' लिहिलेलं, प्रत्यक्षात फी घेतली होती, रस्त्याचा धड नकाशा नव्हता, पाण्याची ठिकाणं चुकीची, आणि कोणी फोन उचलत नव्हतं. आळशीपणाला गोंडस नाव.

माळरान

हा मुद्दा येणार हे माहीत होतं, म्हणून नीट लिहितो, लांबेल.

तुम्ही जी राईड सांगताय ती स्वावलंबी नव्हती, ती बेजबाबदार होती. टेम्पो नसेल तर आयोजकाचं काम कमी होत नाही, दुप्पट होतं, फक्त ते सगळं आधी करावं लागतं. रस्ता बघून ठेवणं, दर दहा-पंधरा किमीवर निसटायची वाट शोधून ठेवणं, पाणी नसलेला टप्पा किती आहे ते स्पष्ट सांगणं, आणि ज्याची तयारी नाही त्याला 'यावेळी नको' म्हणणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे नाही म्हटलं की राग येतो.

आता टेम्पो का नको. टेम्पो येणार म्हटलं की माणूस पंप घरी ठेवतो. मग ट्यूब घरी राहते. मग पाण्याची दुसरी बाटली. शनिवारी सकाळी १५ जण निघतात आणि त्यातल्या १० जणांकडे फक्त मोबाईल आणि गॉगल असतो. टेम्पो कॅनॉलच्या अर्ध्या भागात जातच नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या माळावर तर नाहीच, म्हणजे जिथे खरी गरज पडेल नेमका तिथे तो डांबरीवर उभा असणार. खोटा धीर देण्यापेक्षा कोरडं बोललेलं बरं.

आणि कोणाचं खरंच काही झालं, पडून हाड मोडलं, चक्कर आली, तर तिथे स्वावलंबन वगैरे काही नाही. सगळे थांबायचं, १०८ ला फोन, जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत माणसाला आणायचं, कोणी ट्रॅक्टर थांबवायचा. जबाबदारी एकमेकांची आहेच. फक्त पंक्चर, भूक, थकवा आणि कंटाळा हे ज्याचं त्याने निस्तरायचं.

ओहायोचा_ओंकार

टूर डिव्हाइडचा नियम मला आवडतो. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत चार हजार किमीच्या वर, रॉकी पर्वताच्या कडेने, फी नाही, बक्षीस नाही. तिथे वाटेत दुकान, हॉटेल, सायकलवाला, काहीही वापरा, पण जे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही मिळेल तेच. फक्त तुमच्यासाठी कोणी घेऊन आलंय ते नको. जोशीकाका, या हिशोबाने बारामतीतला सायकलवाला चालतो, टेम्पो चालत नाही.

जोशी_कोथरूड

पटलं असं म्हणत नाही पण समजलं. भिगवणला रविवारी संध्याकाळी राईड संपल्यावर टेम्पो आणला तर तुमच्या तत्त्वात बसतं का? कारण सायकली पुण्याला न्यायच्या कशा हे तुम्ही अजून लिहिलेलंच नाहीये.

माळरान

बसतं, आनंदाने बसतं 😀 राईड भिगवणला संपली, पुढे जो तो मोकळा. काका, तो टेम्पो तुम्हीच ठरवा, ज्याला हवा त्याने तुमच्याकडे नाव द्यावं.

रँडो_काका

भिगवण स्टेशन पुणे-सोलापूर लाईनवर आहे, गाडीने येता येतं. पण सायकल डब्यात तशीच ढकलायची नाही, लगेजमध्ये बुक करावी लागते आणि त्या स्टेशनवर त्या वेळी ते होतंय का हे आधी विचारून घ्या. दोन्ही चाकं काढून पिशवीत भरली तरी नियम टीसीच्या मनावर. मी तरी टेम्पोत.

मीनाक्षी_पुणे

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडं लिहा ना. कुत्र्यांचं ऐकलंय मी, धनगरांची कुत्री सायकलमागे लागतात म्हणे. मला खरंच भीती वाटते.

करंजेपूलकर

ताई, भीती वाटणं साहजिक आहे. धनगरांचे बरेचसे वाडे (मेंढरांसकट फिरते तळ) दिवाळीनंतर कोकणाकडे, मावळाकडे उतरतात पण सगळे जात नाहीत, आणि त्या माळांवर लांडगा आहे त्यामुळे कुत्री तयारीचीच असतात. त्यांचं काम मेंढरं राखायचं, तुम्ही जोरात आलात की तुम्ही लांडगा. मेंढरं दिसली की लांबूनच वेग कमी करा, कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून हाक मारा 'ओ पाव्हणं', तो माणूस कुत्र्याला बोलावतोच. कुत्रं अंगावर आलंच तर खाली उतरा, सायकल मध्ये धरा, हळू चालत जा. पळवलीत तर ते मागे लागणारच. दगड उचलू नका, मालकासमोर त्याच्या कुत्र्याला दगड मारलात तर पुढचं बोलणं अवघड होतं.

रानपाखरू

मी पक्षीवाली, सायकल जेमतेम चालवते, पण एक विनंती. तो माळ ओसाड वाटतो पण ओसाड नाही, चिंकारा, खोकड, लांडगे, धाविक, चंडोल, सगळं तिथेच राहतं, बराचसा वनविभागाच्या ताब्यात आहे. रुळलेली गाडीवाट सोडून गवतात शिरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही, जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांना चाक दिसत नाही आणि तुम्हाला ते दिसत नाहीत. ड्रोन आणणार असाल तर कृपया नको.

आणि कोणाच्या डोक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य वाटेत घ्यायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी रीतसर जाऊन बघा. पाच चौरस किमीच्या आसपासचं छोटंसं आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. १५ सायकली घेऊन जायची जागा नाही ती.

माळरान

रानपाखरू, धन्यवाद. सुपे आपल्या मार्गावर नाहीच. दुसऱ्या दिवशीची फाईल फक्त गाडीवाटा आणि गावरस्ते धरून केलीय, जिथे वनविभागाची पाटी दिसली तो तुकडा काढून टाकलाय, म्हणून अंतर थोडं वाढलं.

मीनाक्षीताई, दुसऱ्या दिवशी चढ असे नाहीत, पण शिर्सुफळ सोडल्यावर भिगवणच्या बाजूला हायवे येईपर्यंत दुकान धरून चालू नका. तीन लिटर पाणी प्रत्येकाकडे पाहिजे, दोन बाटल्या आणि पाठीवर पिशवी किंवा फ्रेमला तिसरी बाटली. सावली नावापुरती. सकाळी पूर्वेकडे चाललोय म्हणजे ऊन डोळ्यात आणि जानेवारीत वाराही बहुतेक समोरून, त्यामुळे साडेसातला निघायचंच. हायवे पुलाखालून ओलांडायचा, वरून नाही, फाईलमध्ये तसंच आहे.

सह्याद्रीचा_वारा

उलटं का नाही करत मग? भिगवणहून निघून जेजुरीला संपवा, वारा पाठीमागून, ऊन पाठीमागून.

माळरान

विचार केला होता. पण मग उसाच्या ट्रॅक्टरांचा पट्टा दुसऱ्या दिवशी दुपारी, थकलेले असताना येतो, आणि शेवटी चढ. समोरचा वारा परवडला. शिवाय जेजुरीला सकाळी लवकर पोचायला पुण्याहून सोपं, मिरज लाईनची गाडी आहे, आदल्या संध्याकाळी दिवे घाट चढून येणारेही दोघं आहेत.

पंक्चरसम्राट

सामानाची यादी टाक, नाहीतर लोक उशी घेऊन येतील.

माळरान

यादी म्हणजे हे नसेल तर सकाळी जेजुरीला मी निघू देणार नाही: दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप (फक्त सीओटू सिलिंडर चालणार नाही, ते दोन पंक्चरमध्ये संपतात), अ‍ॅलन की सेट, चेनची क्विक लिंक आणि चेन तोडायचं अवजार, पुढे-मागे दिवा, पॉवर बँक, हेल्मेट, तीन लिटरची पाण्याची सोय, ओआरएस, हातात कॅश, आणि एका कागदावर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर. डिरेलरचा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) आपापल्या सायकलचा आणा, तो एकाचा दुसऱ्याला बसत नाही आणि बारामतीत काय कुठेच मिळणार नाही. पाठीवर मोठी सॅक नको, सीटखालची बॅग नसेल तर कॅरिअरला कोरड्या पिशवीत बांधा. फाईल मोबाईलवर ऑफलाईन उतरवून घ्या, माळावर रेंज येते-जाते.

उशी आणली तरी चालेल, वाहायची तुम्हीच.

जोशी_कोथरूड

टेम्पो ठरला, भिगवण स्टेशनबाहेर रविवारी चार वाजता. आत्तापर्यंत नऊ सायकली. आणि हो, माझं नाव राईडलाही लिहा, पंप विकत घेतलाय.

मीनाक्षी_पुणे

माझंही नाव लिहा. मैत्रीण येतेय, आम्ही दोघी जोडी. रविवारी घराजवळच्या टेकडीवर ट्यूब बदलायची प्रॅक्टिस केली, मागचं चाक परत बसवायला अर्धा तास लागला पण बसलं.

पंक्चरसम्राट

चेन सगळ्यात छोट्या दातांवर आणून मग चाक काढा, पाच मिनिटांत बसेल.

करंजेपूलकर

धागा वर काढतोय. कॅनॉलला कालपासून पाणी सुटलंय, रब्बीचं आवर्तन. माळेगावच्या अलीकडचा पाझराचा तुकडा आज संध्याकाळी जाऊन बघितला, घोट्यापर्यंत रुततंय, ट्रॅक्टरने पार वाट लावलीय. शनिवारपर्यंत सुकायचं लक्षण नाही. तेवढे दोन-अडीच किमी खालच्या डांबरीने घ्या.

माळरान

लाख धन्यवाद. फाईल बदलून टाकलीय, नावात 'नवी' लिहिलंय, जुनी डिलीट करा. रंगाची पट्टी तरीही आणा. १४ नावं झाली, एक जागा शिल्लक.